कळा आणायच्या की येऊ द्यायच्या?

बाळंतपणाच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. ते रिक्षातून येतात, जीपमधून येतात, अन् आपण एकाला घरी पाठवतोय तोवर दुसरा पायरी चढत असतो. आम्ही डॉक्टर मैत्रिणी कधी जेवायला जमलो, की आमचे नवरे आपापली ताटं उचलून दुसऱ्या खोलीत जातात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा!

मी बीडमध्ये बायकांची डॉक्टर. दवाखाना छोटा. सोबतीला पहिल्या दिवसापासून शोभा सिस्टर. आमच्याकडे कायम एकच वाद चालतो. कळा आपोआप येईपर्यंत थांबायचं, की सलाईन लावून आणायच्या? कॉलेजात याचं उत्तर सरळ होतं. बाळ कसं आहे, आई कशी आहे ते बघा आणि ठरवा. इथं ते सासू ठरवते, नवरा ठरवतो, शेजारीण ठरवते. सुरुवातीला मला धक्के बसायचे. अजूनही बसतात, फक्त आता मी खुर्चीत बसून घेते!

*

एका गावचे माजी सरपंच, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, सुनेला घेऊन आले. पांढरे कपडे, मागं चार माणसं.

"मॅडम, नॉर्मलच करायचं. सिझर आमच्या खानदानात न्हाई. फक्त सोमवारी, सकाळच्या पारी करायचं."

"सोमवारीच का?"

"गुरुजीनं काढून दिलंय. योग लई जबर हाय. पोरगं थेट विधानसभेत!"

"आणि मुलगी झाली तर?"

अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "मग बी विधानसभेतच. आता बायकांचंच राज्य हाय की!"

मी हसले, पण पुढचं वाक्य ऐकून हसू पळालं. "कळा आणायचं औषध असतंय ना? रविवारी चालू करा, सोमवारी काढा."

मी म्हणाले, "अप्पा, ते औषध आहे, टीव्हीचा रिमोट नाही. हिचे दिवस अजून भरायचेत. गर्भपिशवीचं तोंड घट्ट बंद आहे. बळजबरी केली तर बिचारी कळा सोसून सोसून थकेल आणि शेवटी सिझरच होईल."

'सिझर' शब्द ऐकल्यावर अप्पा सुनेला घेऊन घरी गेले. सोमवार आला, गेला. सुनेला कळा आपोआप सुरू झाल्या, त्या नेमक्या अमावास्येला! मुलगी झाली. गुटगुटीत, जावळ भरपूर. अप्पांचा चेहरा मात्र पार उतरला. त्यांनी आमच्यासमोरच गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडून पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "अप्पा, अमावास्या आपल्याकडं. अमेरिकेत आजून लागलीच न्हाई!"

अप्पांनी फोन ठेवला आणि मागच्या चार माणसांकडं वळून ओरडले, "पेढे आणा रे! पोरगी अमेरिकेला चालली!"

*

दुसरा एक जावई. परळीचा, थर्मल वीजकेंद्रात कामाला. बायको माहेरी बीडला आलेली, पहिलं बाळंतपण. याची सुट्टी संपत आली आणि बाळाचा पत्ता नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, गाडीवर हादरे दिले की कळा चालू होतात. पठ्ठ्यानं भरल्या पोटाच्या बायकोला मोटारसायकलवर बसवलं! नशीब, ती कोपऱ्यावरच्या पहिल्या खड्ड्यालाच उतरली आणि चालत घरी गेली. रस्ता चालतो का ते बघायला हा एकटाच पुढं गेला.

तासाभरात रिक्षातून आमच्या दारात. तो आडवा, ती त्याचा हात धरून बसलेली. कमरेत असा काही झटका बसला होता, की सरळ होता येईना.

मी बाहेर आले तर कण्हत कण्हत म्हणतो, "मॅडम, परळीचा रस्ता असता ना, राखेच्या टिपरनी उखडलेला, तर एका फेरीत काम झालं असतं!"

शोभा सिस्टरनं त्याच्या बायकोला विचारलं, "कळा आल्या का गं?"

ती म्हणाली, "आल्या की. त्यानला!"

*

दिवाळी झाली, की आष्टी-पाटोद्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेरडं, पोरं. अशीच एक ट्रॉली आमच्या दारात उभी राहिली. त्यातून रुक्मिण उतरली. आठवा महिना संपत आलेला.

"बाई, आजच मोकळी करा."

"अगं, बाळ अजून तयार नाही. आत्ता कळा आणल्या तर त्याला श्वास घेणं जड जाईल. घाई कावून करतीस?"

ती शांतपणे बोलली. "मागचं फडातच झालं, बाई. उसाच्या पाचटावर. जावंनं कोयत्यानं नाळ कापली. दुसऱ्या दिशी मोळ्या उचलल्या. आता तसं नको वाटतंय. हितं झालं तर निदान छत हाय."

मी तिला तपासायला आत घेत होते, तेवढ्यात दारातून टोळी नेणाऱ्या मुकादमानं डोकं आत घातलं.

"मॅडम, किती येळ लागंल? इंजिन बंद करू, का चालूच ठिवू?"

मी इतकी वर्षं प्रॅक्टिस करतेय, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता! शोभा सिस्टर कधी आवाज चढवत नाही. तेव्हा मात्र ती ओरडली, "बंद कर! अन् खाली उतरून नीट उभा राहा!"

मी त्याला स्पष्ट सांगितलं, वाटेत हिला काही झालं तर पोलिसांना मी स्वतः त्याचं नाव सांगेन. मग तो नरमला. रुक्मिणची बहीण बीडमध्येच होती. रुक्मिण तिच्याकडं राहिली. ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिचा नवरा ट्रॉलीच्या मागच्या फळीवर बसला होता आणि वळणापर्यंत दवाखान्याकडंच बघत होता.

पूर्ण दिवस भरल्यावर तिच्या कळा आपोआप आल्या. मुलगा झाला. मीच माझ्या मोबाईलवरून तिच्या नवऱ्याला फोन लावून दिला. तो फडात होता. त्यानं आधी जोरात शिट्टी मारली. मग पलीकडून आणखी कुणीतरी मारली. मग आणखी कुणीतरी. रुक्मिण फोन कानाला लावून नुसती ऐकत होती.

*

कुणाला वाटेल, डॉक्टरबाई थांबायच्याच बाजूच्या. तसं नाही! अपूर्वा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, माहेर बीडचं. वडील निवृत्त मुख्याध्यापक. तारीख उलटून आठवडा होऊन गेला, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी झालेलं. मी म्हणाले, आता कळा आणूया.

ती म्हणाली, "नको मॅडम. मी सगळे व्हिडिओ पाहिलेत. बाळ स्वतःची वेळ स्वतः निवडतं."

"निवडतं ना. पण पाणी आटायला लागल्यावर आपण त्याच्या भरवशावर बसायचं नसतं."

तिनं मान हलवली, ती नकाराचीच. वडिलांनी मला विचारलं, "थांबलो तर काय होऊ शकतं? आणि औषध दिलं तर काय होऊ शकतं? दोन्ही सांगा." इतका नीट प्रश्न आमच्याकडं क्वचितच येतो. मी दोन्ही सांगितलं, काही न लपवता. सर लेकीला म्हणाले, "बेटा, सगळं निसर्गावरच सोडायचं, तर मग साप चावल्यावर दवाखान्यात कशाला जायचं?"

ती हसली आणि तयार झाली. औषध सुरू केलं. दुपारी पाणमोट फुटली आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाणी हिरवं होतं. बाळानं आतच शी केली होती! ते जितका वेळ आत राहील तितका धोका. त्यानंतरची धावपळ मला अजून आठवते. मुलगी बाहेर आली आणि क्षणभर रडलीच नाही. मग असं काही रडली, की बाहेर सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

संध्याकाळी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. "काय गं, नॅचरल झालं ना?"

अपूर्वा म्हणाली, "नॅचरलच झालं, आई. फक्त निसर्गाला धक्का मारावा लागला!"

*

माझ्या स्वतःच्या वेळी तर गंमतच झाली. माझी तारीख उलटली. घरी बसून जीव रमेना, म्हणून ओपीडीत येऊन बसायचे. पेशंट दारातूनच म्हणायच्या, "अगं बाई! मॅडम, तुमीच आजून हितं?" एकीनं तूप आणून दिलं, एकीनं अंगारा. एक आजी रोज यायची. तिला काही दुखत नव्हतं, ती नुसती माझं पोट बघून जायची!

एक दिवस एका बाईच्या कळा चालू होत्या. मी तिला तपासायला वाकले. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं, आलेली कळ सोसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी बसा निवांत. माझं मी बघते!"

*

यानंतरचा किस्सा मी सहसा सांगत नाही.

एक शेतकरी बायकोला जीपमधून घेऊन आला. ती नुसती पिळवटत होती. दोन कळांच्या मध्ये बाईला जरा विसावा मिळतो, हिला तो नव्हताच. पोटावर हात ठेवला तर पोट दगडासारखं. बाळाचे ठोके मंदावत चाललेले. हे आपोआप होत नाही, हे मला लगेच कळलं.

"हिला काही दिलंय का?"

नवऱ्यानं खिशातून एक छोटी बाटली काढली. मी ती हातात घेऊन उजेडात धरली. दूध उतरवायला चोरून म्हशीला टोचतात, ते इंजेक्शन!

"दिवस वर गेलते, मॅडम. म्हणलं, ह्येच औषध तुमी सलाईनमधून देता ना?"

"अरे, आम्ही थेंब थेंब देतो! मशीनवर ठोके बघत बघत देतो! तू किती टोचलंस?"

तो घाईघाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, आर्धीच दिली. म्हैस मोठी असती ना!"

शोभा सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. तो आवाज ऐकून तो माणूस दचकला. आपण काय केलंय हे त्याला बहुतेक तेव्हाच कळलं, कारण तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

आम्ही तिला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, पिशवी सैल पडायचं औषध दिलं आणि सरळ ऑपरेशनला घेतलं. बाई वाचली. बाळही वाचलं, पण काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तो रोज यायचा, काचेबाहेर उभा राहायचा. घरी जायच्या दिवशी बायकोनं बाळ त्याच्या हातात दिलं आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाली, "धर. अन् ह्याला ताप आला तर डॉक्टरकडं न्यायचं. गोठ्यात न्हाई!"

*

आणि हा शेवटचा.

लिंबागणेशकडच्या एका वस्तीवरून दोघी आल्या, सासू आणि सून. सून तिशीच्या पुढची, लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि हे पहिलंच. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा. पोट चांगलं पुढं आलेलं, चालताना एक हात कमरेवर. सासूच्या हातात मोठी पिशवी. तिनं ती लगेच उघडून दाखवली. जुन्या लुगड्यांची बाळुती, धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घातलेली.

"डोहाळजेवणाला सारं गाव जेवलं, मॅडम. आता दिवस वर गेले. कळाच येईनात. सलाईन लावा."

"आधीच्या तपासण्या कुठं झाल्या?"

"माहेरी करती ती. तिचा भाऊ नेतो," सासू म्हणाली. सून चुडा मागं-पुढं करत होती.

मी सासूला बाहेर बसवलं. सुनेला टेबलवर घेतलं, पोटावर हात ठेवला. हाताला डोकं लागेना, पाठ लागेना. ठोके शोधले, मिळेनात. वाटलं, बाळ गेलं. सोनोग्राफीचं मशीन ओढलं.

बाळ गेलेलं नव्हतं. बाळ नव्हतंच. गर्भाची पिशवी रिकामी. लहान, मुठीएवढी, जिच्यात कधीच काही राहिलं नव्हतं अशी. पोट नुसत्या आशेनं वाढलेलं; असं होतं, हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं.

मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. शोभा सिस्टर माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होती. तिनं हळूच जाऊन दाराला आतून कडी घातली.

ती बाई पण पडद्याकडंच बघत होती.

"दिसत न्हाई का?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"हलतंय की. रोज हलतंय. आत्ता बी हललं."

मी तिचा हात हातात घेतला. तिनं विचारलं, "कधीच नव्हतं का?"

मी मशीन बंद केलं. ती उठून बसली. साडी सारखी केली, निऱ्या नीट केल्या, पदर पोटावरून ओढून घेतला. बाहेरून सासूनं दार वाजवलं. "मॅडम, लावलं का सलाईन?"

तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आवाज इतका हळू, की मला वाकावं लागलं.

"मॅडम, त्यानला म्हणा, आज नको. आपोआप येऊ द्या म्हणा."

मी दार उघडलं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सलाईन लावायचं नाही."

सासूनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. सुनेचा हात कमरेवर होता.

"मग थांबू की!" सासू म्हणाली. "इतकी वर्षं थांबलो, आमाला काय घाई हाय?" आणि बाकावर पसरलेली बाळुती एकेक करून परत पिशवीत भरायला लागली.