कडक भाकरी आणि हुसेनभाईचा दात

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं एकदा हेच सांगताना आमच्या एका पावण्यानं हसता हसता अख्खा कप माझ्या धोतरावर सांडला. अब्रू आधीच गेली व्हती, वर धोतर बी गेलं.

तर मी खोटं बोललो आणि पकडला गेलो. ह्यात काय नवल, म्हणाल तुमी. मी बारकेपणापास्नं पकडला जातोय. पण ह्या खेपेला मला मोबाईलनं पकडलं. आणि कशापायी? माल चांगला हाय म्हणून खोटं बोलणारे दुकानदार तुमी लई बघितले असतील. मी माझाच माल वाईट हाय म्हणून खोटं बोललो. असा येडा सोलापुरात दुसरा दाखवा, त्याला माझ्याकडनं चटणी फुकट.

माझं दुकान तुमाला ठावं हाय. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी थापणार कोण? आमची म्हातारी, म्हणजे बायको, शांतव्वा. चटणी उखळात कुटणार कोण? शांतव्वा. मग मी काय करतो? मी बसतो. दुकानात बसायला बी माणूस लागतंय की. आल्या-गेल्याची थट्टा करायची, हे माझं काम. त्यात मी कधी खाडा केला न्हाय.

समोर हुसेनभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमी दोघं एकाच शाळेतनं पळालेलो. मी तिसरीतनं पळालो, तो चौथीतनं, म्हणून तो सवताला शिकलेला समजतो. मला वाचता येतं ते एसटीच्या पाटीपुरतं. अक्कलकोट, मैंदर्गी, बार्शी. त्याच्या पुढचं अक्षर आलं की मी म्हणतो, चष्मा घरी राहिला. चष्मा मला न्हायच.

ह्या हुसेनभाईची नात शिफा. कॉलेजात कॉम्पुटरचं शिकती. म्हणजे हे झालं तवा शेवटच्या वर्षाला व्हती. आता तिचं कॉलेज जरा येगळं. तितं कॉम्पुटर शिकवतात आणि त्यांच्या धर्माची शिकवण बी देतात. मला वाटलं, सकाळी कॉम्पुटर आणि दुपारी कुराण, असं वाटून दिलं असंल. तर पोरगी म्हणली, "तसं नाही अज्जा. दोन्ही एकाच तासाला. कुणाच्या घरात शिरायच्या आधी दार वाजवून विचारायचं, हे आमच्यात शिकवतात ना? मग कुणाच्या मोबाईलमधली माहिती घ्यायच्या आधी पण विचारायचं. लोकांची माहिती म्हणजे आपल्याकडं ठेवलेली अमानत. सर प्रोग्रॅम शिकवतात, त्यातच हे पण शिकवतात."

मी म्हणलो, "तुझा दादा, हा हुसेनभाई, तर माझ्या घरात दार न वाजवता शिरतो आणि थेट भाकरीच्या चवडीला हात घालतो."

"दादांनी आमचा कोर्स कुठं केलाय?" ती म्हणली.

हाय की न्हाय तयार? माझ्या दुकानाम्होरं वाढलीया.

तर शेवटच्या वर्षाला तिला एक अॅप करून दाखवायचं व्हतं. खऱ्या दुकानदारानं ते वापरायचं, खऱ्या गिऱ्हाइकानं त्यातनं माल घ्यायचा, आणि मग बाहेरनं एक मॅडम येऊन तपासणार. तितं पास झाली तर डिग्री, आणि डिग्री हातात पडली तर पुण्याच्या कंपनीत नोकरी. नापास झाली तर परत एक वर्ष घरी, आणि नोकरी गेली दुसऱ्याला. एवढं समदं त्या अॅपवर टांगलेलं.

बाकीच्या पोरींनी जुळे सोलापुरात, त्या नव्या वस्तीत, चकचकीत काचा लावलेली दुकानं धरली. हिनं मला धरलं. मी म्हणलो, "पोरी, मला वाचता येत न्हाय." तर म्हणती, "म्हणूनच तर अज्जा. तुम्हाला वापरता आलं, तर कुणालाही येईल." तिच्या अॅपात समदं बोलून करायचं. बटन दाबायचं आणि बोलायचं. बोलायचं म्हणल्यावर मी मागं सरतोय व्हय?

तिनं भाकरीचा फोटो काढला. मी नाव बोललो, भाव बोललो. मग मोबाईल आपणहून बाईच्या आवाजात म्हणला, "या मालात काय कमी आहे, ते सांगा."

मी शिफाकडं बघितलं. "ही बाई काय इचारती?"

"धंद्यात मालाची उणीव लपवायची नाही, गिऱ्हाइकाला आधी सांगायची आणि मग विकायचं. ही आमच्याकडची शिकवण. ती मी अॅपमध्ये घातली. उणीव सांगितल्याशिवाय अॅप पुढं जातच नाही."

"माझ्या मालात काय बी कमी न्हाय."

आतनं उखळाचा आवाज थांबला. शांतव्वा बाहेर आली, हाताला चटणी तशीच. "पोरी, माझ्या चटणीत उणं काढायला आलीस व्हय?"

"तसं नाही आजी. साधं काहीतरी. पावसाळ्यात भाकरी मऊ पडते, असं."

म्हातारीनं इचार केला. म्हणली, "लसणाचा वास हाताला राहतोय दिसभर. तेवढं सांगा," आणि आत गेली.

बघा, किती सोपं व्हतं. खरं बी व्हतं. तेवढंच बोललो असतो तर आज तुमच्यासंगं मान वर करून बसलो असतो.

पण नेमकं शिफाला मैत्रिणीनं हाक मारली, ती रस्त्यापलीकडं गेली. मोबाईल माझ्या हातात. बटन लाल झालेलं, बाई वाट बघतीया. आणि समोर हुसेनभाई पंक्चर काढत बसलेला. त्याचा पुढचा दात नुकताच पडला व्हता. तोंड उघडलं की दुकानाची एक फळी काढल्यासारखं दिसायचं. आता तुमीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करायचं?

मी मोबाईल तोंडाशी धरला. म्हणलो, "भाकरी लई कडक हाय. समोरच्या हुसेनभाईचा पुढचा दात ह्याच भाकरीनं गेला. भाकरीत सापडला, आमी धुऊन परत दिला. आणि चटणी अशी तिखट, की मैंदर्गीचा एक पैलवान बोटभर खाऊन रडत आईकडं गेला."

बाई म्हणली, "धन्यवाद." लई गुणाची बाई.

शिफा परत आली. "अज्जा, उणीव खरी सांगितलीत ना?"

"तुझ्या दादाची शपथ," मी म्हणलो. माझी सवताची न्हाय घातली, तेवढी अक्कल व्हती.

मला वाटलं, हे यंत्राच्या पोटात गेलं, संपलं. मला काय म्हाईत, की माल घेणाऱ्या प्रत्येकाला माझाच आवाज ऐकू जातोय. दुसऱ्या दिशीपास्नं मागणी सुरू झाली. कॉलेजातली पोरं, मास्तर, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधल्या बाया. म्हातारीला उसंत न्हाय. मी हिकडं छाती फुगवून बसलो. म्हणलो, ह्याला म्हणतात जाहिरात.

मग लोक दुकान बघायला यायला लागले. माल घ्यायचे, आणि वळून हुसेनभाईच्या दुकानाम्होरं उभं राहायचे. एका पोरानं तर त्याला म्हणलं, "चाचा, जरा तोंड उघडा की, फोटो काढतो."

हुसेनभाई पाना घेऊनच आला. "क्या रे बसप्पा, लोगां सायकल सोडके मेरा मुंह देखने आरे. काय सांगितलंस तू?"

"कुटं काय? तुझी ओळख वाढवली."

"दात माझा सुपारीनं गेला. सुपारीनं. तुझी भाकरी तर मी चहात बुडवून खातो."

मी हसलो. हसणं अजून माझ्याकडं व्हतं तवा.

आता खरी मेख ऐका. माल घेतला की दोन दिसांनी अॅप गिऱ्हाइकाला इचारतं, "दुकानदारानं सांगितलेली उणीव खरी होती का?" हिरवं दाबलं तर हो, लाल दाबलं तर न्हाय. हे मला शिफानं सांगितलं बी असंल, पण मी तवा कुणाची तरी थट्टा करत असणार. लोक बिचारे इमानदार. भाकरी खाल्ली, समद्यांचे दात जागच्या जागी. चटणी खाल्ली, कुणी आईकडं गेलं न्हाय. मग दाबलं लाल. हुसेनभाईनं तर खास लाल दाबायसाठी माझ्याकडनं भाकरी घेतली. पण तपासणीच्या घाईत असलेल्या नातीला त्यानं बी ह्यातलं काय सांगितलं न्हाय.

तपासणीचा दिवस आला. शिफानं मला आणि हुसेनभाईला बोलावलं व्हतं. मी इस्त्रीचं धोतर नेसून, मॅडमसाठी चटणीचा पुडा घेऊन गेलो. मोठी खोली. मॅडम म्होरं, बाजूला शिफाचे सर, मागं समदी पोरं-पोरी. भिंतीवर पडद्यावर तिचा मोबाईल दिसत व्हता, सिनेमासारखा.

शिफा धीट बोलली. अमानत काय, माहिती कशी जपली, समदं सांगितलं. मॅडम मान हलवत व्हत्या. मग ती म्हणली, "आता बसप्पा अज्जांचं दुकान उघडून दाखवते."

तिनं बोट लावलं. पडदा लाल झाला. भलं मोठं कुलूप आलं. आणि ती गुणाची बाई भरल्या खोलीत मोठ्यानं म्हणली, "या दुकानदाराच्या बोलण्यावर गिऱ्हाइकांचा विश्वास नाही. दुकान बंद आहे."

शिफाचं तोंड एवढंसं झालं. आदल्या दिशी तर उघडं व्हतं. ठरल्यापरीस जास्ती लाल झाले की कुलूप पडतं, आणि शेवटचं लाल त्याच सकाळी कुणीतरी दाबलं असणार.

मॅडम म्हणल्या, "माल खराब निघाला का?"

शिफानं बघितलं. "नाही मॅडम. सगळे म्हणतायत माल छान आहे. फक्त... सांगितलेली उणीव कुणाला सापडली नाही."

"कसली उणीव? ऐकवा."

आणि भिंतीवरच्या भोंग्यातनं माझा आवाज. दात, धुतलेला दात, पैलवान, त्याची आई. समदं. सरांनी रुमाल तोंडाला लावला, हसतायत का रडतायत कळंना. हुसेनभाई उभा राहिला आणि भरल्या खोलीत म्हणला, "मॅडम, दात माझा हाय. सुपारीनं गेला."

तेवढ्यात दुपारच्या नमाजेची येळ झाली. मॅडम म्हणल्या, "नमाज होऊ द्या, मग पुढचं बघू."

हुसेनभाई जाता जाता म्हणला, "तुझ्यासाठीच मागतो आज. अक्कल. पण उशीर झाला वाटतं."

मी जिन्यावर बसलो. शिफा नमाज पढून आली आणि शेजारी बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणली, "अज्जा, मैत्रिणी म्हणाल्या होत्या, त्या म्हाताऱ्याला घेऊ नको, तो थट्टा करील. मी म्हणाले, सगळ्यांची करतील, माझ्या कामाची नाही करणार."

   मी मॅडमसाठी आणलेल्या चटणीच्या पुड्याची गाठ सोडत आणि बांधत बसलो.

ती मातूर उठली. ओढणी सारखी केली आणि म्हणली, "चला. अजून संपलं नाही."

आत जाऊन मॅडमम्होरं उभी राहिली. "मॅडम, अॅप बंद पडलेलं नाही. उणीव लपवणाऱ्याला पकडायला मी हे केलं. आपल्याच मालाची नसलेली उणीव सांगणारा कुणी निघेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण लपवलेलं असो की रचलेलं, खोटं ते खोटंच. अॅपनं ते पण पकडलं."

मॅडमनं सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आणि हे कुलूप उघडतं कसं?"

"दुकानदारानं स्वतः खरं सांगायचं. आणि माल घेतलेल्या लोकांनी ते खरं आहे म्हणायचं."

"मग उघडून दाखव."

शिफानं मोबाईल माझ्या तोंडाशी धरला.  मनात आलं, लसणाचा वास. पण एवढ्या लोकांम्होरं, त्या पोरीच्या तोंडाकडं बघून, तो वास काय पुरा पडंना.

मी म्हणलो, "मालात काय बी कमी न्हाय. माल शांतव्वा करती. कमी हाय ती दुकानदारात. म्हातारा झाला तरी लबाडी गेली न्हाय. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, भाकरीवर जा."

बाई म्हणली, "धन्यवाद." पण ह्या खेपेला जरा येळ लावून म्हणली, असं मला वाटलं.

 मग मोबाईल वाजला. एक हिरवं आलं. मॅडमनं इचारलं, "कोण?"

शिफानं बघितलं आणि तिला हसू फुटलं. "शांतव्वा आजी. घरून."

तिच्या मोबाईलवर बी पोरीनं अॅप घालून ठेवलं व्हतं, मला न सांगता, आणि माल करणारी म्हणून तिला बी दाबायचा हक्क दिला व्हता. मग हुसेनभाईनं खिशातनं मोबाईल काढला आणि खिळा ठोकावा तसं बोट मारलं. सरांनी दाबलं. मागं बसलेल्या पोरांनी दाबलं. नुसतं टिंग टिंग टिंग. कुलूप निघालं, दुकान उघडलं. माझ्याबद्दल एवढ्या लोकांचं एकमत मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

मॅडमनं पुडा फोडून चटणी चाखली. म्हणल्या, "पैलवान का रडला असेल?"

"उगीच, मॅडम," मी म्हणलो. "पैलवानच न्हवता."

शिफा पास झाली. आता पुढच्या महिन्यात पुण्याला निघणार. म्हातारीनं तिच्यासाठी भाकरीची चवड बांधून ठेवलीया, आणि हुसेनभाई पंधरा वेळा सांगतो, की घरातला पहिला शिकलेला तोच, चौथीतनं. सर नव्या पोरांना माझा आवाज ऐकवतात म्हणे. धर्माची शिकवण आणि कॉम्पुटर, दोन्हीच्या तासाला मी एकटा पुरतो.

एक सल तेवढा राहिला. अजून माझं दुकान उघडलं, की गिऱ्हाइकाला आधी माझाच आवाज येतो, 'लबाडी गेली न्हाय'. परवा मी शिफाला म्हणलो, "पोरी, जाण्याआधी तेवढं पुसून जा की."

"मला पुसता येत नाही अज्जा. तुम्ही बटन दाबून म्हणायचं, उणीव सुधारली. मग अॅप गिऱ्हाइकांना विचारतं, खरंच सुधारली का."

मी लगेच दाबलं. म्हणलो, "सुधारली."

आत उखळाचा आवाज थांबला. माझा मोबाईल वाजला. लाल. लाल रंग तेवढा मला चष्म्याबिगर वाचता येतो.

मग आत उखळ परत सुरू झालं.