आई, गॅस बंद केलास का?

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यात सेक्टर फाइव्हच्या आमच्या ऑफिसात त्याचीच वाट बघत होते. काहीतरीच काय, कालच तर चहाच्या टपरीवर माझ्याशी भांडला होता, असंच तोंडून निघालं… हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती शहाण्यानं.

आमचं काम एकच. एक्सएमएल फायलींत, कंसांच्या जंगलात अडकलेली माहिती माणसाला वाचता येईल अशी कागदावर उतरवायची. मी नवी असताना वैतागून ते कंस हातानंच पुसायला बसले, तर हा ओरडलाच, "मजकुराला हात लावायचा नाही गं बाई! तो कसा दिसावा ते सांगणारी वेगळी स्टाईलशीट लिही. आपण फक्त त्याला कपडे घालायचे."

वडिलांच्या बदलीमुळे लहानपणीच कोलकात्यात आलेला, परवराला पोटोल म्हणणारा माणूस. सॉल्ट लेकच्या घरी तो आणि त्याची आई, दोघंच. काकूंना ऐकू फार कमी येतं, म्हणून दिवसभर मेसेज चालायचे. घोर एकच, आई गॅसवर काहीतरी ठेवते आणि विसरते. मी चिडवायची, "बायको असती तर तिची एवढी चौकशी केली नसतीस!" नुसता हसायचा.

तेरावं झालं आणि काकूंचा फोन भरल्या बादलीत पडला, तो कायमचाच बंद झाला. "त्याचं सगळं बोलणं गेलं गं त्यात…" एवढंच म्हणत राहिल्या. धड जेवेनात. मुकुंदच्या फोनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. मग मला आठवलं, दर रविवारी तो दोघांच्या मेसेजची नक्कल घरच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवायचा. फाईल सापडली, उघडली, तर काय! मराठी अक्षर एक नाही! नुसते कंस आणि आकडे. काकू शेजारी उभ्या, माझ्या तोंडाकडे बघताहेत… जरा वेळानं डोकं ठिकाणावर आलं. अगं, हे आकडे म्हणजे अक्षरांचे क्रमांकच की, पडद्यावर दाखवताना कॉम्प्युटरच त्यांची अक्षरं करतो! मूळ फाईलला हात न लावता स्टाईलशीट लिहिली. तारीख बाजूला, त्याचं बोलणं ठळक, अक्षर चांगलं मोठं. ती लावली आणि पडद्यावर आलं, "आई, पोटोल आणलेत, भाजी कर." हुश्श! मी एकदमच रडले आणि हसले. काकूंनी ते वाचलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी दोघी पोटभर जेवलो.

छापलेला गठ्ठा बांधताना झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "दीदी, एटा की बोई?" बोई म्हणजे पुस्तक, आणि पुस्तकच झालं होतं खरं.

परवा दुपारी गेले, तर काकू चष्मा लावून तेच वाचत बसलेल्या. रोज जेवण झालं की एक पान. मोठ्यानं वाचायचं आणि त्याला उत्तरही द्यायचं. "आई, गॅस बंद केलास का?" हे तर पानोपानी आहे.

"केला रे बाबा, केला! किती विचारशील?" असं म्हणत त्या तरीही उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या.

आतून आवाज आला, "अगं बाई, चालूच होता की!"