हॉलिससाठी निवडलेलं आमिष

"पाणी कसं आहे?" दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ओलेटा ग्रिसम आधी एवढंच विचारायची. गढूळ आहे, नितळ आहे, वारा सुटलाय, असं काही उत्तर मिळालं की उंच स्टुलावरून न उठता ती हातातल्या काठीनं भिंतीवर टांगलेलं, मासे पकडायचं एखादं खोटं आमिष दाखवायची. आमच्या टेनेसीतल्या त्या धरणाच्या काठी अशी दुकानं आणखीही होती, पण पानगळ सुरू झाली की सगळे तिच्याकडेच यायचे.

उन्हाळ्यात बास मासा खोल पाण्यात सुस्तावून पडलेला असतो. त्याच्या तोंडाशी काळं रबरी गांडूळ सरपटवत नेलं की काम होतं. पण हवा गार झाली की शॅडची बारकी चंदेरी मासळी झुंडीनं ओढ्यांमध्ये शिरते आणि बास तिच्यामागे उधळतो. मग पांढरं आमिष की चंदेरी, बोटाएवढं की करंगळीएवढं, पाण्यावरून नाचवायचं की हातभर खालून ओढायचं, यावर सगळा दिवस ठरतो. ओलेटाचं सहसा चुकत नसे.

मी बर्निस. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात माझी शेगडी होती. सकाळी बोटी काढणाऱ्यांना मी अंडी, सॉसेज आणि मऊ पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही घालून द्यायची. त्यामुळे जे घडलं ते माझ्यासमोर घडलं.

ओलेटा मायाळू नव्हती. नवीन पाद्रीबुवा हसत आत आले आणि म्हणाले, "मला मासे मिळतील असं काहीतरी द्या." तर ही म्हणाली, "तुमची तर वरपर्यंत ओळख आहे, माझ्याकडे कशाला आलात?" बिचारे रिकाम्या हातानं परत गेले. पण पूर्वी ती अशी नव्हती, हेही मी सांगायला हवं.

हॉलिस तिचा नवरा. उंचापुरा, देखणा, त्याच्या हातात जोर असा की पाण्यातल्या लांबवरच्या बुंध्याच्या पायथ्याशी नेमका गळ टाकायचा. पण काय टाकायचं, ते ओलेटा ठरवायची. बोटीत त्याच्या पाठीमागे बसून ती पाणी बघायची, बगळे कुठे उतरतात ते बघायची, आणि तंगुसाला आमिष बांधून गळाची काठी त्याच्या हातात द्यायची. पानगळीतली मोठी स्पर्धा हॉलिस वर्षानुवर्षं जिंकत होता. शेवटच्या वेळी बक्षीस घेताना माइकवाल्यानं विचारलं, "काय हो हॉलिस, ऐकतो ते खरं का? आमिषं म्हणे बायको निवडते?"

हॉलिसनं गर्दीत ओलेटाकडे बघितलं. अंगानं ती चांगली भरलेली होती. "ओलेटा?" तो म्हणाला. "तिला मी नेतो ते बोट वाऱ्यानं हलू नये म्हणून!"

सगळं मैदान हसलं. मी तिच्या शेजारी उभी होते. तीही हसली. त्याच हिवाळ्यात हॉलिस घर सोडून गेला, स्पर्धेत मासे तोलायला बसणाऱ्या ट्वायलाबरोबर. ती ओलेटापेक्षा बरीच लहान होती.

ओलेटानं दुकान टाकलं. एकाच काठावर राहूनही ती दोघं कधी बोलली नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी हॉलिसला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणं हळूहळू परत आलं, डाव्या हातानं गळ टाकायलाही तो शिकला, पण डोक्यातलं काहीतरी पुसलं गेलं होतं. आमिषांच्या भिंतीसमोर उभं केलं की तो भांबावून जायचा. कुठलं केव्हा वापरायचं, काही आठवत नव्हतं. एवढंच पक्कं आठवत होतं की ते ओलेटाला कळतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ट्वायला त्याला धरून दुकानात घेऊन आली.

"ओलेटा," तो म्हणाला, "काय लावू गं?"

ओलेटानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग स्वतः स्टुलावरून उतरली, जे ती कुणासाठी करत नसे, आणि लांबलचक काळं रबरी गांडूळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. "खोल पाण्यात टाक. हळू ओढ."

उन्हाळ्याचं आमिष. तेही खोल पाण्यात, जिथे तेव्हा एकही बास नव्हता.

तो पूर्ण हंगाम हॉलिस धरणाच्या मधोमध बोट लावून बसायचा. ओढ्यांकडे जाणारे त्याला हात करायचे आणि पुढे जाऊन हसायचे. डेलमार नावाचा त्याचा जुना सोबती एकदा बोट जवळ नेऊन म्हणाला, "लेका, हे काय लावलंयस? कुणी दिलं?"

"ओलेटानं."

डेलमारनं डोकं खाजवलं. "मग असेल काहीतरी त्यात," म्हणाला आणि निघून गेला. तिच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती. ट्वायलाला स्वतःला मासेमारीतलं काही कळत नव्हतं.

"आज मिळालं का काही?" संध्याकाळी तो बोट धक्क्याला लावायचा तेव्हा ओलेटा दारातून ओरडून विचारायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तो मान हलवायचा.

पुढच्या पानगळीत ट्वायला एकटीच आली. डोळे सुजलेले होते. "ओलेटा, मला माहितीये तुम्ही मुद्दाम करताय. उशिरा कळलं, पण कळलं. तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं आमिष लावत नाही. मी हात जोडते. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. त्याला एक मासा मिळू दे. एकच."

ओलेटानं खिडकीतून धरणाकडे बघितलं. मग म्हणाली, "उद्या पाठव त्याला."

त्या दुपारी खिडकीतल्या उन्हात बसून ती एका छोट्या चंदेरी खोट्या मासोळीच्या गळांवर कानस फिरवत होती. गळाला धार लावायची तर असंच लावतात. मला वाटलं, बाई विरघळली. मी तिला कॉफी नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी हॉलिस ती मासोळी घेऊन ओढ्यात गेला. परतला तेव्हा तोंड उजळलं होतं आणि गालांवर पाणी होतं. "ओढलं गं ओलेटा! परत परत ओढलं! एक तर एवढा मोठा होता, पाण्याबाहेर उसळला. पण सुटला. सगळे सुटले." त्यानं स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. "आमिष अगदी बरोबर होतं. हातच मेलाय माझा. आता पुरे."

काठी त्यानं धक्क्यावर ठेवली ती पुन्हा उचलली नाही. ओलेटा आत आली, माझ्याकडून ॲपल पायचा तुकडा मागून घेतला आणि चवीनं संपवला. वर आणखी एक तुकडा मागितला. थंडी संपायच्या आत हॉलिस गेला.

त्याचं सामान आवरताना ती मासोळी ट्वायलाच्या लोकरी स्वेटरवर पडली आणि घरंगळून खाली गेली. एकही काटा लोकरीत अडकला नाही. ट्वायला भर सकाळी दुकानात आली. सगळ्यांसमोर तिनं तो गळ स्वतःच्या तळहातावर दाबून ओढला. पांढरी रेघ उठली, रक्त आलं नाही.

"हात मेला म्हणून रडत गेला तो," ट्वायला म्हणाली. "शेवटपर्यंत तेच बोलत होता."

"मला माहीत आहे," ओलेटा म्हणाली. "त्यानं असंच जावं, असं मला वाटत होतं."

माझ्या तव्यावरची अंडी करपली. ट्वायला त्या वसंतात गाव सोडून माहेरी निघून गेली.

आता ओलेटाचं दुकान बसणार, असं मला वाटलं. चर्चमध्ये तिच्या शेजारचा बाक रिकामा राहू लागला, बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. उन्हाळाभर दुकानात माश्या घोंघावत होत्या. मग मेपलची पानं लाल झाली, ओढ्यांत शॅड शिरली आणि एका सकाळी दारात ट्रक उभे राहिले. पुरुष खाली मान घालून आत आले. पाणी कसं आहे ते सांगितलं. ओलेटानं काठीनं दाखवलं. जो तो आमिष घेऊन गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर रुतवून बघत होता.

"बघा, नीट बघा," ती म्हणाली.

डेलमारनं सगळे काटे एकेक करून तपासले. मग हळूच विचारलं, "मिस ओलेटा, ओढ्याच्या तोंडाशी टाकू, की आत?"

"आत. वळणापाशी."

दुपारी तो टोपली भरून मासे घेऊन आला.