रंगात सापडलेला केस

माझा मामा पेंटर आहे. भिंती रंगवणाऱ्यांना तो पेंटर समजत नाही, ते नुसते 'चुना फासणारे'. मामाचं काम म्हणजे स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं. तेलकट धूर, वाफ, ओले हात आणि पोरांच्या लाथा सोसून दहा वर्षं टिकेल असा रंग गावात आपल्याशिवाय कुणाला जमत नाही, असं त्याचं मत आहे. ते तो कुणी न विचारताच सांगतो.

आणि त्याच्या स्वतःच्या घरची कपाटं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लग्नाच्या वेळी होता तोच हिरवा रंग, शेगडीजवळ पिवळा पडलेला, मुठींभोवती काळा झालेला आणि सिंकखाली पापुद्रे सुटलेला. मामी दरवर्षी विचारायची. मामा दरवर्षी म्हणायचा, "घरचंच तर आहे, करू की." असं करू करू म्हणता बावीस वर्षं उलटली.

मग एक दिवस शेजारीण चहाला आली. मामीनं साखरेसाठी वरचं कपाट उघडलं आणि त्याचा एक पापुद्रा अलगद येऊन शेजारणीच्या कपात पडला. तिनं तो चमच्यानं काढला, निरखून पाहिला आणि विचारलं, "पेंटरच्याच घरी आलेय ना मी?" मामी हसली खरी, पण तो घाव तिच्या वर्मी बसला.

त्याच आठवड्यात मामाला परगावच्या एका वसतिगृहाचं काम मिळालं. बारा दिवसांचं. तो पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल, तोच मला मामीचा फोन.

"आठवडाभर रजा टाक. येताना पेचकस आण."

"मामी, तुला जमेल का पण?"

"बावीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?"

हे मात्र खरं होतं. मामा घासागणिक एक नियम सांगतो. आधी चिकटपणा काढा, मग रंगाचा डबा उघडा. जाड एक हात देतो तो मूर्ख, पातळ तीन देतो तो पेंटर. रंग वरून वाळणं वेगळं आणि आतून घट्ट होणं वेगळं. मामी वाढता वाढता "हं, हं" करायची. आम्हाला वाटायचं, बाईचं लक्षच नाही.

आम्ही दारं उतरवली. कुठलं दार कुठलं ते कळावं म्हणून मामीनं बिजागरीच्या खाचेत खिळ्यानं आकडे कोरले. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं दारं खसाखसा घासली. बावीस वर्षांचा तेलकटपणा काळ्या ओघळांनी मोरीत गेला. साध्या पाण्यानं दोनदा धुऊन ती वाळवली, पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासली, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, मग प्रायमर. दारं वाळवायला जागा कुठली? मामाच्या पलंगावर वर्तमानपत्रं, त्यावर उपड्या वाट्या आणि वाट्यांवर दारं. मामी खाली सतरंजीवर झोपली आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे, मजेत झोपली.

मी म्हटलं, एकाच दिवसात दोन हात देऊन टाकू. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. एका हाताला एक दिवस, दुसऱ्या दिवशी हलकं घासणं, पुसणं, मग पुढचा हात. रंग ढवळताना एकदा ती म्हणाली, "मला एवढंच हवंय. त्यांनी एकदा 'छान' म्हणावं. बास." आता हे अवघडच होतं, कारण मामानं दुसऱ्याच्या कामाला छान म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. अगदीच नाइलाज झाला तर तो 'चालेल' म्हणतो.

बाराव्या दिवशी मामा आला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि तांब्या हातात धरून तिथेच उभा राहिला. सगळी कपाटं दुधाच्या सायीसारखी पांढरी.

"कुणी केलं हे?"

"झालं एकदाचं," मामी म्हणाली. ताकाला तूर लागू दिली नाही.

मामानं मनाशी निकाल लावूनच टाकला. "त्या टकल्याला घरात घेतलंस?" टकल्या म्हणजे वरच्या गल्लीतला दुसरा पेंटर, मामाचा जन्माचा वैरी. त्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही. मामी शेगडी पुसायला लागली.

मग सुरू झाली तपासणी. मामानं कडेला नख रोवून पाहिलं. खूण उठली नाही. ओलं फडकं घासलं, रंग फडक्याला आला नाही. बॅटरी लावून तिरप्या उजेडात ओघळ शोधले, एकही मिळाला नाही. शेवटी जमिनीवर आडवा पडून त्यानं खालच्या कडांवरून बोट फिरवलं. "चोर पेंटर इथेच सापडतो," तो म्हणाला. तिथेही तीन हात होते. नख, फडकं, बॅटरी, एकेक करत त्याचा चेहरा उतरत गेला आणि मला, खोटं कशाला बोलू, मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात सिंकखालून आरोळी आली. "सापडला! केस! रंगात केस! हे असलं काम तुमच्या टकल्याचं!"

त्यानं नखानं टोक उचकटलं आणि केस ओढला. तो येतच राहिला. चांगला हातभर लांब, मुळाशी पांढरा, पुढे काळा केलेला.

"मामा," मी विचारलं, "टकल्याचाच असेल ना?"

मामानं केसाकडे पाहिलं. मग मामीच्या वेणीकडे. मग तो स्टुलावर बसला.

"सोडा धुण्याचा घेतलास?"

"हो."

"नंतर धुतलंस?"

"दोनदा. साध्या पाण्यानं."

"मधे मधे घासलंस?"

"प्रत्येक हातानंतर."

मामानं केस बोटाला गुंडाळला. विचारायला काही उरलंच नव्हतं. मग म्हणाला, "चालेल."

मामी कपडे वाळत घालायला निघून गेली. मला इतका राग आला, की मामाशी न बोलता मी घरी गेले आणि चार दिवस तिकडे फिरकले नाही.

पाचव्या दिवशी गेले तर मामाकडे एक डॉक्टरीणबाई आलेल्या. त्यांना कामाचा नमुना बघायचा होता. मामा नमुना दाखवायला नेहमी लोकांच्या घरी नेतो, पण ज्यांच्याकडे न्यायचं त्यांच्या दाराला कुलूप, आणि बाईंना वेळ नव्हता. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाईक स्वतःच्या स्वयंपाकघरात आणलं होतं. तो सोड्यापासून सुरुवात करून प्रायमरपर्यंत पोचला होता. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन दारं उघडमीट करून पाहिली, वाकून खालची कड चाचपली.

"हे ज्यानं केलंय ना, त्यालाच पाठवा माझ्याकडे."

 मामाला 'मीच केलंय' म्हणायला कितीसा वेळ लागणार? मी तर ते ऐकायच्या तयारीनंच उभी होते, भांडायच्याही. मामी पाठमोरी चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"हिनं केलंय," मामा म्हणाला. मग घसा खाकरून, कपाटाकडे बघत, "छान केलंय."

मामीनं गाळणी खाली ठेवली. वळून बाईंच्या हातात कप दिला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत.

"सोमवारपासून येते. घासायला एक माणूस आणीन बरोबर. जरा बोलतो फार, पण कामाला चांगला आहे."