सात वर्षांत माणूस नवा!

औषधाची बाटली पेशंटनं घरून आणायची, असा तो काळ. पन्नास साल नुकतंच मागं पडलेलं. मी बारामतीत एका डॉक्टरांकडं कंपाउंडर. मिक्श्चर भरून डोसाची कागदी पट्टी डकवेपर्यंत माणूस बोलत बसायचा. बाटली घेऊन जायचा, किस्सा ठेवून जायचा. किती साठले म्हणून सांगू!

त्यात आमच्या डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की शरीर कणाकणानं झिजतं अन् कणाकणानं भरतं. सात वर्षांत माणूस सगळा नवा! झालं. येईल त्याला तेच सांगत सुटले.

पहिले सापडले ज्ञानूतात्या. खोकल्याचं औषध न्यायला आलेले, ते सावरून बसले. "म्हंजी नऊ वर्सांमागं शपथ घेतलेला मी आता उरलोच न्हाय?"

ती शपथ सगळ्या आळीला माहीत. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरनं थोरल्या भावाशी, अण्णाशी, जुंपली होती. तात्यांनी तडक नरसिंहपूर गाठलं अन् देवापुढं सांगितलं, "अण्णाच्या घरचं पाणी ह्या तोंडात जाणार न्हाय!" दोघांची दारं समोरासमोर. आता अण्णाच्या शारदेचं लग्न ठरलेलं.

"माज्या खांद्यावर वाढली पोर," तात्या म्हणाले. "तिची हळद मी समोरच्या ओट्यावरनं बघू व्हय?" त्यांचे डोळे भरले.

*

नाना पैलवानाला हे शास्त्र मुळीच पटलं नाही. "धा वर्सांमागं सुप्याच्या जत्रंत कुस्ती मारली, त्यो मी न्हवं?"

"शास्त्राप्रमाणं नाही," डॉक्टर म्हणाले.

नानानं डॉक्टरांना खुर्चीसकट उचललं! "आता वळखा, कोन हाय!"

"तूच, बाबा, तूच! खाली ठेव!"

*

डॉक्टरांच्या सायकलची चाकं बदलली, सीट बदललं, हँडल बदललं, शेवटी फ्रेमसुद्धा. मी विचारलं, "डॉक्टर, ही पहिली घेतलेली तीच का हो?"

"तीच की!" म्हणाले, अन् लगेच जीभ चावली.

*

तात्यांच्या बायकोनं, गंगाकाकूंनी, तर दवाखान्यात येऊनच विचारलं, "सगळं नवं आलं म्हंता, मग ह्यांचं घोरणं जुनंच कसं वं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी बाटलीला बूच लावत बसलो.

*

हळदीच्या सकाळी तात्यांनी मला सोबतीला ओढलं. गल्ली ओलांडायला दहा पावलं. तात्या तीनदा थांबले. अण्णा दारातच उभे.

"अण्णा, शपथ घेतली त्यो गडी आता न्हाय. डाक्टर म्हंत्यात, मी नवा हाय. पानी मिळंल का?"

अण्णांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "नवा? मग कपाळावरची ही खोक कुनाची?"

"तूच मारलेली. इटीदांडू खेळताना."

अण्णा आत वळून ओरडले. "शारदे, तांब्या आन! तुजा काका आलाय!"

तात्यांनी तांब्या वर धरला तो संपेपर्यंत खाली घेतलाच नाही. गटागटा आवाज, धोतर भिजलेलं, अन् रिकामा तांब्या पुन्हा शारदेपुढं.

"आरं हळू," अण्णा म्हणाले, "नऊ वर्सांचं आजच पितूस व्हय!"