शस्त्रपूजेतली रायफल

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज कपाटात बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावचा तो दसरा आठवला.

सशांच्या शिकारीसाठी घेतलेली पॉइंट टू-टू बोअरची, लिव्हर ओढून गोळी चढवायची रायफल मी शस्त्रपूजेला मांडली होती. मॅगझिनमधल्या गोळ्या काढल्या होत्या, पण लिव्हर ओढून चेंबरमध्ये एखादी गोळी चढलेली तर नाही ना, हे पाहायचं राहिलं होतं. माझा मित्र सुधाकरने झेंडूची माळ बाजूला करून ती उचलली.

"रिकामी आहे ना रे?"

"हो रे, घे बिनधास्त. तुझ्याच्याने ससाही पडत नाही!"

हसत त्याने दाराजवळच्या भिंतीकडे रोखून चाप ओढला. त्याच क्षणी त्याची बायको मंगल आरतीचं ताट घेऊन आत आली. गोळी तिच्या तळहातातून गेली. कापराच्या वासात धुराचा वास मिसळला.

"सुध्या, गोळी कशाला भरलीस?" मी पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर ओरडलो.

तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. तेव्हा वाटलं, घाबरलाय. आज कळतं, मी खरं बोलेन म्हणून तो थांबला होता. पुढे लोकांनी त्याला बोलावणं सोडलं.

काही वर्षांनी, त्याच्या अंत्यविधीला मंगलवहिनींनी अधू हात माझ्या हातात दिला. "फार चांगला होता," एवढंच मी म्हणालो. वहिनी, गोळी माझ्या चुकीने राहिली होती, मला माफ करा, हे ओठांवर येऊनही बोललो नाही.