राऊटरच्या खांद्यावर जू

"किंमत ऱ्हाऊ दे, खातो किती ते सांग."

कुठलीही नवी वस्तू समोर आली की अक्कांचा हा पहिला प्रश्न. पंखा असो, फ्रीज असो, जावयाची गाडी असो. मी त्यांच्याकडे काम मागायला गेलो तेव्हा आयटीआयची सर्टिफिकेटं छातीशी धरून उभा होतो. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाहीत. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हेच विचारलं. मी म्हणालो, "भाकरी मोजून खायची सवय नाही." अक्का खदखदून हसल्या. "मंग काम बी न मोजता करशील. ये उद्यापासनं!"

राहात्यात अक्कांचा केबलचा धंदा. नवऱ्याने गच्चीवर छत्री लावून सुरू केलेला. तो गेल्यावर अक्कांनी खांबाखांबांवरून फायबर ओढून घराघरांत इंटरनेट नेलं. पण बाई मूळची बैलांतली. वडील हेडी, म्हणजे बैल घेऊन विकणारे, आणि ही लेक लोणीच्या बाजारात त्यांच्या मागे मागे हिंडलेली. त्यामुळे जगातली एकूण एक गोष्ट त्या बैल पारखावा तशी पारखायच्या. आता ह्याला कोण काय करणार!

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण बैलाच्या नजरेने राऊटर बघणारं माणूस पाहिलंय? मी पाहिलंय.

झालं काय, एक मोठी कंपनी गावात फायबर टाकायला आली, आणि नेमका तेव्हाच आमचा राऊटर थकला. राऊटर म्हणजे सगळ्या घरांचं इंटरनेट जिच्यातून वाटलं जातं ती पेटी. दिवेलागण झाली, सगळं गाव घरी आलं, की ती धापा टाकायची. घरोघरी पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागायचं आणि दुकानातला फोन बोंबलायला लागायचा. गिऱ्हाईकं आधी शिव्या घालायची, मग म्हणायची, "जातो आम्ही कंपनीकडं!" बरीच गेलीही. अक्का फोन ठेवून वहीतलं त्या घराचं नाव खोडायच्या. एकदा म्हणाल्या, "येक येक घर म्या सोता जोडलंय रे. आता डोळ्यांदेखत जानार व्हय?" त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही.

मग पुण्याहून टाय लावलेला एक सेल्सवाला नव्या पिढीचा राऊटर घेऊन आला. वेगाचा आकडा असा, की तो थाप मारतोय असंच वाटावं. मी तर पेटी बघूनच येडा झालो. अक्कांनी पेटीभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली, वाकून मागची छिद्रं बघितली.

"भर कामात बसतो का?"

"मॅडम, हा रॅकमध्ये बसतो."

"तसं न्हवं. वढता वढता बसकन मारतो का? खोड काय हाय?"

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी छताकडे.

किंमत विचारायची वेळ आली तेव्हा अक्कांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, उघड बोलायचा नसतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत! तो लालबुंद झाला. अक्का बोटं दाबतायत, तो हात सोडवून घेतोय. शेवटी त्याने आकडा मोठ्यांदा सांगितला. अक्कांनी हात सोडला आणि त्याच्यापुढे पेरू ठेवला. "खा बाबा. तुला बी कष्ट हायेत."

पेटीची किंमत तर होतीच. वर फायबर जोडायला तिच्यात खोचायचे बोटाएवढे तुकडे, एकेक दुभत्या म्हशीच्या भावाचा. दरसाल परवान्याचा खर्च, थंड ठेवायला एसी, आणि वीज वेगळीच.

"खांद्यावर जू ठिवल्याबिगर बैल घेत न्हाई मी," अक्का म्हणाल्या. "येक दिवस जुपून दाव."

पोरगंही जिद्दीचं. एका दिवसासाठी मागून आमच्याकडे येणारी इंटरनेटची लाईन वाढवून घेतली आणि जुपला राऊटर! अक्कांनी गावात रिक्षा फिरवली: "आज कितीबी नेट वापरा! समदं चालू करा!"

काय तो दिवस! समोरासमोरचे दुकानदार एकमेकांना व्हिडिओ कॉल करत होते. शेख टेलरचाचा दुबईतल्या लेकाला शिलाई मशीन दाखवत होते. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या दोन जावा एकाच घरातून पडद्यावर बोलल्या, आणि पडद्यावरच भांडल्या. अक्का दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "आजून वझं टाका रे!" सगळा बाजार ओरडत होता, "टाका!" आणि आत सेल्सवाल्याच्या लॅपटॉपवर पेटीवरचं ओझं दाखवणारी रेघ तळाशी आडवी पडलेली.

"बघा मॅडम, हलतसुद्धा नाही!"

अक्का पेटीशेजारी येऊन बसल्या. पेटीच्या गरम पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

"जनावर लाखात येक हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्याला नांगरायला माज्याकडं रान कुठंय? ह्यो निजून बी येवढंच खानार. मला आदीच्या पिढीतली जोडी दे, वापरलेली. येक बसला तर दुसरा वढंल."

"मॅडम, पुढे लागेलच हा."

"लागंल तवा ये की. तवर त्याची किंमत बी उतरंल."

टेम्पोत पेटी चढवताना अक्कांनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मी मात्र चार दिवस रुसून बसलो होतो. मला तोच पाहिजे होता हो!

जोडी आली. अक्कांनी नावं ठेवली, मोऱ्या आणि पवळ्या. पोळ्याला रॅकला गोंडे बांधले. गुलालाची मूठ मी कशीबशी अडवली. पुरणपोळीचा नैवेद्य मीच खाल्ला, कारण मीही त्याच दावणीचा. आणि खरं सांगतो, संध्याकाळची धाप थांबली. गेलेली गिऱ्हाईकं लाजत लाजत परत आली.

मग अक्का आजारी पडल्या. त्यांना संगमनेरला दवाखान्यात नेलं. एका संध्याकाळी मी दुकानात एकटाच होतो आणि माझ्या मोबाईलवर जावयाचा फोन आला. अक्का गेल्या.

त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. घरोघरी ती आमच्याच नेटवर चालू होती, प्रत्येक चौकाराला सगळी गल्ली एकदम ओरडत होती. बाहेर जाऊन सांगायचं धाडस मला होईना. दुकानातला फोन पुढ्यात ओढून बसलो. म्हटलं, कुणाचं तरी नेट अडकेल, कुणीतरी चिडून फोन करेल, दोन शिव्या घालेल, मग मी त्याला सांगेन.

मॅच संपेपर्यंत बसलो होतो. फोन वाजलाच नाही.